लॉसलेस ऑडिओ म्हणजे काय, हे टाळ्या ऐकून कळतं

ऍपल म्युझिकने २०२१ च्या जूनमध्ये लॉसलेस, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगमधलं काहीच न गमावता येणारा आवाज, चालू केलं, तेही जास्तीचे पैसे न घेता. स्पॉटिफायने त्याच वर्षी फेब्रुवारीत घोषणा केली आणि मग आज देतो उद्या देतो करत करत शेवटी २०२५ च्या सप्टेंबरात दिलं एकदाचं. तेव्हापासून ओळखीतला कोणी ना कोणी विचारतोच की अरे ते सेटिंग ऑन केलंय मी, डेटा पण खातंय भरपूर, पण फरक काय पडला? मी उलट विचारते की ऐकलंस काय आणि कशावर, तर उत्तर बहुतेक वेळा असं असतं की एखादं ढणढण बीटवालं गाणं, ब्लूटूथ इअरबड्सवर, लोकलमध्ये. मग फरक कसा पडणार बाबा.

फरक ऐकायचाच असेल तर लाइव्ह अकूस्टिक, म्हणजे प्रेक्षकांसमोर साध्या, बिनविजेच्या वाद्यांवर झालेलं रेकॉर्डिंग घ्या. आणि त्यातही गाणारीच्या आवाजावर नका जाऊ लगेच, गाणं संपल्यावर लोक टाळ्या वाजवतात ना, तिथे कान द्या. गंमत वाटेल, पण लॉसलेस आणि लॉसी (ज्यात काही भाग कायमचा टाकून देतात) या दोन्ही प्रकारांचं सगळं तंत्र त्या पाच-दहा सेकंदांत उघडं पडतं. कसं ते सांगते, पण त्याआधी एक रेकॉर्डिंग समोर ठेवू म्हणजे हवेत बोलल्यासारखं नको व्हायला.

अमेरिकन पॉप गायिका मराया कॅरीचं एमटीव्ही अनप्लग्ड, म्हणजे एमटीव्हीचा तो साध्या वाद्यांवर थेट गाण्याचा कार्यक्रम. १६ मार्च १९९२ ला न्यू यॉर्कमधल्या कॉफमन अस्टोरिया स्टुडिओत प्रेक्षकांसमोर रेकॉर्ड झालं. तेव्हा तिचे दोन अल्बम येऊन गेले होते, दणकून खपले होते, पण बाई टूरवर जात नव्हती त्यामुळे टीकाकार म्हणायचे की हा आवाज स्टुडिओतली करामत आहे, प्रत्यक्षात जमणार नाही. तर हिने पियानो, स्ट्रिंग्ज आणि कोरस घेऊन सगळं तिथल्या तिथे गाऊन दाखवलं, अगदी शिट्टीसारख्या त्या वरच्या सुरांसकट. त्याच कार्यक्रमात ट्रे लॉरेन्झबरोबर गायलेलं जॅक्सन फाइव्ह या बँडचं १९७० चं ‘आय विल बी देअर’ पुढे सिंगल म्हणून अमेरिकेत एक नंबरला गेलं. सात गाण्यांची ईपी (छोटा अल्बम) आली १९९२ च्या जूनमध्ये, सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आसपास. म्हणजे एका बैठकीत ऐकून होते, आणि आपल्या कामाचं सगळं आहे त्यात: उघडा आवाज, श्वास, पियानोच्या पट्टीवर बोट पडल्याचा ठोका, खोलीचा घुमारा आणि भरपूर टाळ्या.

आता डिजिटल ऑडिओ म्हणजे नेमकं काय साठवतात ते बघू. माइकवर हवेचा दाब येतो, त्याचा विजेचा सिग्नल होतो, आणि सीडीच्या हिशोबाने त्या सिग्नलची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून आकडा लिहून ठेवतात. प्रत्येक आकडा १६ बिटांचा (बिट म्हणजे एक शून्य किंवा एक), म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी कुठल्या पायरीवर आहोत ते. डावं-उजवं मिळून दोन चॅनल. गुणाकार करा, सेकंदाला १४,११,२०० बिट होतात, यालाच १४११ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला १४११ हजार बिट, म्हणतात. चार मिनिटांचं गाणं झालं ४२ एमबीच्या आसपास. आज हे काहीच नाही, पण नव्वदीत डायल-अपवर एवढं उतरवायचं म्हणजे तासनतास बसा. म्हणून फाइल लहान करायच्या दोन वाटा निघाल्या.

समजा नऊवारी आहे. तिची नीट घडी घातली तर कपाटातल्या छोट्या जागेत बसते आणि उलगडली की तीच साडी, एक धागा कमी नाही. हे झालं लॉसलेस. आणि दुसरी वाट अशी की नेसल्यावर निऱ्यांच्या आत जे कापड दडलेलं असतं, कोणाला दिसतच नाही, ते कापून टाकायचं. बाहेरून बघणाऱ्याला साडी तीच, वजनाला मात्र एकदम हलकी. हे लॉसी, म्हणजे एमपीथ्री, एएसी वगैरे. कापणारा हुशार असेल तर जन्मात कळणार नाही, पण कापलेलं परत जोडता येत नाही हे पक्कं.

घडी घालायची पद्धत पण भारी आहे. फ्लॅक नावाचा जो फॉरमॅट आहे, जॉश कोलसनने बनवलेला आणि २००१ पासून सगळ्यांना फुकट मिळणारा, तो काय करतो तर साधारण चार हजार आकड्यांचा एक गठ्ठा घेतो आणि मागच्या काही आकड्यांवरून पुढचा आकडा काय येईल याचा अंदाज बांधतो. अंदाज आणि खरा आकडा यातला फरक तेवढा लिहून ठेवतो. अंदाज चांगला असेल तर फरक छोटासा, छोटे आकडे लिहायला जागा कमी लागते. वाजवताना तोच अंदाज परत बांधायचा, त्यात लिहून ठेवलेला फरक मिळवायचा, झाला मूळ आकडा, तंतोतंत. फ्लॅक फाइलमध्ये मूळ ऑडिओचा एक डिजिटल ठसा पण ठेवलेला असतो, त्यामुळे उलगडलेलं आणि मूळ एकच आहे का हे मशीनला ताडून बघता येतं, कानावर विश्वास ठेवायची गरजच नाही. ऍपलचं एएलएसी पण याच जातकुळीतलं, २००४ चं. साधारण फाइल मूळच्या निम्मी ते दोन तृतीयांश होते.

आता यात मजा अशी की पियानोचा सूर लांबत चाललाय, किंवा गायिकेने एक स्वर धरून ठेवलाय, तर पुढचा आकडा काय येणार हे ओळखणं सोपं असतं, कारण लहर त्याच त्याच आकाराने फिरत असते. त्यामुळे शांत अकूस्टिक गाण्याची फ्लॅक फाइल ढणढण पॉप गाण्यापेक्षा बरीच लहान होते. पण टाळ्या? शेकडो माणसं, प्रत्येकाचे हात वेगळ्या क्षणी एकमेकांवर आपटतायत, कुठे काही पॅटर्नच नाही. अंदाज बांधणाऱ्याची पार भंबेरी उडते. कॉम्प्युटरवर फूबार२००० सारखा प्लेअर असेल तर खाली बिटरेटचा, म्हणजे सेकंदाला किती बिट लागतायत त्याचा, आकडा चालू गाण्यात बदलताना दिसतो, तो बघत बसा. गाणं हळुवार संपतंय तोवर आकडा खाली असतो आणि जोरात टाळ्या सुरू झाल्या की सरसर वर चढतो. फ्लॅकला काय, तो जागा वाढवून घेतो, काही सोडत नाही. त्याला जागेची मर्यादाच घातलेली नाहीये.

एमपीथ्रीला सेकंदाला इतकेच बिट अशी मर्यादा घातलेली असते, तिथे खरा घोळ.

एमपीथ्री बनवलं मुख्यतः जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत, कार्लहाइन्झ ब्रँडेनबुर्ग आणि त्यांच्या बरोबरच्या मंडळींनी. त्यामागची कल्पना आपल्या कानाच्या सवयीवर बेतलेली आहे. एखादा मोठा आवाज चालू असेल तर त्याच्या जवळपासच्या पट्टीतला बारीक आवाज आपल्याला ऐकूच येत नाही, झाकला जातो. मोठ्या आवाजानंतर लगेचचा बारीक आवाजही झाकला जातो, आणि अगदी काही मिलिसेकंद आधीचा सुद्धा. तर जे झाकलं जाणार ते नीट साठवायचंच कशाला, तिथे ओबडधोबड आकडे लिहा, त्यातून जी खरखर तयार होईल ती मोठ्या आवाजाखाली लपेल. हेच ते निऱ्यांच्या आतलं कापड.

पण यात एक अट आहे, झाकायला काहीतरी पाहिजे ना! ब्रँडेनबुर्ग यांनी चाचणीसाठी सुझॅन व्हेगाचं ‘टॉम्स डायनर’ घेतलं, १९८७ च्या अल्बमवरचं, ज्यात एकही वाद्य नाही, नुसता एका बाईचा शांत आवाज. तोपर्यंत बाकी गाण्यांवर बरं चाललेलं त्यांचं तंत्र त्या आवाजावर अक्षरशः आपटलं, आवाजाची पार वाट लागली. मग ते गाणं परत परत ऐकून ऐकून त्यांनी सुधारणा केल्या. म्हणजे ढोल-ताशा दाबणं सोपं आणि एकटा उघडा गळा दाबणं अवघड. अकूस्टिक रेकॉर्डिंगवर फरक लवकर का कळतो त्याचं अर्धं कारण हे, तिथे खरखर लपवायला ड्रम्सची भिंत नसते.

उरलेलं अर्धं कारण टाळ्या. एमपीथ्री आवाज सलग साठवत नाही, तुकड्या-तुकड्याने साठवतं, एक फ्रेम ११५२ आकड्यांची, म्हणजे साधारण २६ मिलिसेकंदांची. तुकड्यात झालेली चूक त्या अख्ख्या तुकड्यावर पसरते. आता तुकड्याच्या सुरुवातीला शांतता आहे आणि शेवटाकडे फाटकन टाळी पडली, तर टाळीची खरखर टाळीच्या आधीच ऐकू येते. याला प्री-एको म्हणतात. यावर उपाय म्हणून टाळीसारखा फटका आला की एन्कोडर, म्हणजे फाइल दाबणारा प्रोग्राम, लहान तुकडे करतो, पण लहान तुकड्यांना बिट जास्त लागतात. एखाद-दुसरा फटका असेल, समजा गिटारची तार झटक्यात छेडली, तर तेवढे जास्तीचे बिट कुठून तरी उसने काढून भागतं. शेकडो लोकांच्या टाळ्या चालू असताना मात्र प्रत्येक तुकड्यात फटकेच फटके, उसनं आणणार कुठून?

म्हणून १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत टाळ्या ऐका, वेगवेगळे हात ऐकूच येत नाहीत, सगळ्याचा मिळून एक फसफसणारा पाण्यासारखा आवाज होतो आणि तो डाव्या-उजव्या बाजूला थोडा हेलकावतो पण. लॉसलेसमध्ये तीच जागा ऐकली की डावीकडे पुढे कोणीतरी जाड हाताने टाळ्या वाजवतोय, मागे दोन बायका ओरडतायत, असं वेगवेगळं निवडता येतं आणि मुख्य म्हणजे खोली केवढी आहे हे कळतं. माझ्या मते लाइव्ह रेकॉर्डिंगचा जीव तिथेच असतो, गाणं तर स्टुडिओतही चांगलं होतं.

आता खरं सांगायचं तर १२८ शी तुलना करून लॉसलेस भारी म्हणणं जरा चीटिंग आहे. आज स्ट्रीमिंगवर २५६ केबीपीएसचं एएसी किंवा ३२० चं ऑग व्हॉर्बिस (हाही लॉसीच फॉरमॅट) असतं, आणि तिथे टाळ्या सुद्धा इतक्या नीट येतात की बहुतेक माणसांना, चांगले हेडफोन लावून शांत खोलीत बसलेल्यांनाही, लॉसलेस कुठलं आणि लॉसी कुठलं ते सांगता येत नाही. ज्याला वाटतं की मला येतं, त्याने डोळे बांधून चाचणी द्यावी. फूबारमध्ये एबीएक्स नावाचं जोड-सॉफ्टवेअर मिळतं, ते दोन्ही फाइली गुपचूप उलटसुलट वाजवतं आणि तुम्ही ओळखायचं. दोन्हींचा आवाज एकाच पातळीवर ठेवा मात्र, कारण जरासं मोठं वाजणारं आपल्याला नेहमी जास्त चांगलंच वाटतं, दुकानदारांना हे बरोब्बर माहीत असतं. आणि दोन्ही फाइली एकाच मूळ फाइलपासून बनवलेल्या पाहिजेत, नाहीतर तुम्ही फॉरमॅटची तुलना न करता दोन वेगळ्या मास्टरची (मास्टर म्हणजे ज्यावरून सगळ्या कॉप्या निघतात ती अंतिम मूळ प्रत) तुलना करत बसाल.

हाय-रेजचं, म्हणजे सीडीपेक्षा बारीक मोजमाप घेतलेल्या ऑडिओचं काय? २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ (सेकंदाला १,९२,००० मोजमापं) असे आकडे दाखवतात ना. लोकांना वाटतं मराया कॅरीचे ते शिट्टीवाले सूर एवढे उंच, त्यांना हाय-रेजच पाहिजे. चला हिशोब करू. त्या पट्टीतला अगदी वरचा सूर धरला तरी तो तीन-सव्वातीन हजार हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या) आसपास येतो, आणि पियानोची शेवटची उजवीकडची पट्टी ४,१८६ हर्ट्झला आहे. त्यावर सुराचे उपसूर असतात, दुप्पट, तिप्पट, चौपट, तेही धरले तरी साध्या सीडीत आरामात मावतात, कारण सेकंदाला ४४,१०० मोजमापं घेतली की त्याच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे २२ हजार हर्ट्झपर्यंतचं सगळं त्यात येतं. तरुण निरोगी कान २० हजारांपर्यंत ऐकतो, चाळिशी उलटलेल्या बऱ्याच जणांचं पंधरा-सोळा हजारांच्या पुढे शटर बंद झालेलं असतं.

बिटांचंही तसंच. १६ बिटांत सगळ्यात बारीक आणि सगळ्यात मोठ्या आवाजात ९६ डेसिबलचं अंतर मिळतं. शांत खोली साधारण ३० डेसिबलची, त्यावर ९६ चढवले तर कान फुटायची पाळी. २४ बिटांचा खरा उपयोग रेकॉर्ड करताना होतो. गायिका कुजबुजत गातेय आणि पुढच्याच ओळीला अचानक गळा खोलला तर वर जागा पाहिजे, नाहीतर आवाज फाटतो, म्हणून इंजिनिअर मुद्दाम लेव्हल खाली ठेवून २४ बिटांत घेतो. आपल्या घरी ऐकायला १६ पुरतात. २००७ मध्ये ब्रॅड मायर आणि डेव्हिड मोरन यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये एक प्रयोग छापला होता, हाय-रेज डिस्क थेट ऐकवायची आणि मग तीच सीडीच्या दर्जात उतरवून ऐकवायची, एकूण ५५४ वेळा. बरोबर उत्तरं जवळपास निम्मी आली, म्हणजे नाणं उडवून सांगितलं असतं तरी तेवढीच आली असती. यावर हाय-फायवाल्या मंडळींचे वाद अजून चालू आहेत, चालू देत बापडे.

लॉसलेस या शब्दाकडून लोकांच्या अपेक्षा फार असतात. तो फक्त कॉपीबद्दल बोलतो. मास्टरमध्ये जे होतं ते तुमच्यापर्यंत जसंच्या तसं आलं, बस. मास्टरच्या आधी जे काही झालं त्याची जबाबदारी लॉसलेसवर नाही. माइक गळ्याला अगदी चिकटून होता की हातभर लांब, प्रेक्षकांसाठी वेगळे माइक लावले होते का, आणि ते मिक्समध्ये किती वर आणले, नंतर स्टुडिओत थोडा घुमारा मिसळला का, चुकलेली ओळ परत गाऊन जोडली का, यातल्या प्रत्येक गोष्टीचा फरक फॉरमॅटपेक्षा कित्येक पट मोठा असतो. त्यात पुन्हा २००० च्या आसपास सगळं मोठ्याने वाजलं पाहिजे अशी चढाओढ लागली होती, रीमास्टर करताना हळू आणि जोरात यातलं अंतरच चेपून टाकायचे. अशा चेपलेल्या मास्टरची २४ बिटची फाइल घेण्यापेक्षा १९९२ ची जुनी सीडी कधीही बरी. आणि ती सीडी काय कमी लॉसलेस आहे का, १६ बिट ४४.१ च तर आहे! मुंबईत काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउस या दुकानातून, २०१६ ला बंद व्हायच्या आधी, ज्यांनी कोणी अशा सीड्या घेऊन ठेवल्यात त्यांच्याकडे लॉसलेस कधीचं आहे, फक्त धूळ झटकायची.

एवढं सगळं झाल्यावर आता ब्लूटूथ. तुम्ही लॉसलेस मागवलं, फोनपर्यंत ते आलंही, पण फोन ते इअरबड्सला पाठवताना परत लॉसी करूनच पाठवतो, एसबीसी, एएसी असा ब्लूटूथचा जो फॉरमॅट चालत असेल त्यात. एलडॅक नावाचा फॉरमॅट ९९० केबीपीएसपर्यंत जातो पण तोही लॉसीच. एपीटीएक्स लॉसलेस म्हणून एक प्रकार आहे, तो फोन आणि हेडफोन दोघांकडेही असला तरच, आणि सिग्नल चांगला मिळाला तरच. म्हणजे ज्याच्याकडे साधे वायरलेस इअरबड्स आहेत त्याने लॉसलेससाठी डेटा जाळण्यात काही अर्थ नाही, स्पष्ट सांगते. वायर लावा. फोनला जॅक नसेल तर टाइप-सीचा छोटा डॉंगल मिळतो, त्यातच आवाज बनवणारी चिप असते, ऍपलचा साधा डॉंगल पण २४ बिट ४८ किलोहर्ट्झपर्यंत देतो. त्याहून महागाचं घ्यायच्या आधी हेडफोन चांगले घ्या.

ऍपल म्युझिकवाल्यांसाठी आणखी एक, लॉसलेस ऑन करूनही डॉल्बी ऍटमॉस (आवाज चहूबाजूंनी आल्यासारखा भासवणारा प्रकार) चालू राहिलेलं असेल तर ज्या गाण्याला ऍटमॉस आहे ते त्यातच वाजतं, आणि ते लॉसी असतं वर मिक्सही वेगळा असतो. टाळ्या डोक्याच्या मागे गेल्यासारख्या वाटायला लागतात. तुलना करायची असेल तर ते आधी बंद करा.

आणि इंटरनेटवर कुठून कुठून मिळणाऱ्या फ्लॅक फाइलींचं तर विचारूच नका. लाइव्ह रेकॉर्डिंगच्या बाबतीत हा उद्योग फार चालतो, कोणीतरी यूट्यूबवरून आवाज ओढतं, त्याला फ्लॅकमध्ये बदलतं आणि स्टुडिओ क्वालिटी म्हणून पुढे ढकलतं. फाइल मोठी झाली म्हणजे गेलेलं परत येत नाही. ओळखायचं कसं, तर स्पेक नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात फाइल टाकली की आवाजाचं चित्र दिसतं, आडवा वेळ आणि उभी फ्रिक्वेन्सी. खऱ्या सीडीवरून घेतलेल्या लाइव्ह गाण्यात टाळ्यांच्या जागी रंग वरपर्यंत, २२ हजारांच्या जवळपास पोचलेला दिसतो, कारण टाळीत सगळ्या पट्ट्या असतात. १२८ च्या एमपीथ्रीवरून बनवलेली असेल तर १६ हजारांवर सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ आणि वर नुसता काळोख, ३२० वरून बनवली असेल तर तीच रेघ २० हजारांच्या आसपास. हळुवार गाण्याच्या मध्यावर बघून फसू नका, तिथे वरच्या पट्टीत मुळातच काही नसतं त्यामुळे खरी फाइल पण खोटी वाटते. सरळ टाळ्यांपर्यंत पुढे सरका आणि तिथे बघा.